ब्रॅकनेल ते वाळूज : जुन्या जपानी मोटारसायकलींची कहाणी

लंडनच्या पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, बर्कशर परगण्यात ब्रॅकनेल नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर हलवण्यासाठी ब्रिटिश सरकारने जी नवी शहरं वसवायला घेतली, त्यांतलं हे एक. त्याची घोषणा जून १९४९मध्ये झाली. तिकडे जपानमधल्या हमामात्सुत सोइचिरो होंडा यांनी सप्टेंबर १९४८मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन केली होती आणि तिची ‘ड्रीम’ ही मोटारसायकल ऑगस्ट १९४९मध्ये तयार झाली. नव्या ब्रॅकनेलचं आणि होंडाच्या मोटारसायकलीचं जन्मसाल असं एकच. आज होंडाच्या ब्रिटनमधल्या कारभाराचा पत्ताही ब्रॅकनेलचाच आहे: केन रोड.

या पत्त्यामागे मोठा इतिहास आहे. जपानी गाड्या ब्रिटनमध्ये आल्या, त्यांच्यापुढे तिथला जुना धंदा टिकला नाही, मग त्या गाड्याही म्हाताऱ्या झाल्या आणि परसातल्या शेडमध्ये गंजत पडल्या. आता त्याच देशातली माणसं पदरमोड करून, सुट्ट्या खर्ची घालून त्या पुन्हा उभ्या करतात. महाराष्ट्रातही हे काम सुरू झालं आहे, जरा उशिरा आणि विस्कळीतपणे. म्हणून ब्रिटनमध्ये काय घडलं ते मराठी वाचकाने मुळापासून पाहण्यासारखं आहे.

१९५०च्या दशकात मोटारसायकल म्हटलं की जगभर ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन ही नावं आधी ओठांवर येत. होंडाने १९५४मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत उतरण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा जपानबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. प्रत्यक्ष उतरायला १९५९ उजाडलं. त्या वर्षी १२५ सीसी गटात तिच्या गाड्या सहाव्या, सातव्या, आठव्या आणि अकराव्या आल्या. सांघिक बक्षीसही मिळालं. दोनच वर्षांनी, १९६१मध्ये, १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते आणि दोन्ही शर्यती जिंकणारा माइक हेलवूड ब्रिटिश होता.

ट्रायम्फचे प्रमुख एडवर्ड टर्नर १९६०मध्ये जपानचे कारखाने पाहून आले आणि त्यांनी धोक्याची सूचना देणारा अहवाल लिहिला. पण ब्रिटिश कारखानदारांचा हिशेब निराळा होता. लहान जपानी गाडीवर हात बसलेला तरुण पुढे मोठी गाडी घ्यायला आपल्याकडेच येईल, असं त्यांनी धरलं होतं.

तो हिशेब १९६८ साली कोलमडला. टोकियोच्या प्रदर्शनात होंडाने सीबी ७५० मांडली: आडवी बसवलेली चार सिलिंडर, हेडमध्ये कॅमशाफ्ट, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबताच सुरू होणारं इंजिन, ६७ अश्वशक्ती. एप्रिल १९६९मध्ये ब्राइटनच्या प्रदर्शनात ती ब्रिटिश लोकांनी पाहिली. त्याच सुमाराची ट्रायम्फ ट्रायडंट ही उत्तम गाडी होती, पण तिला तीन सिलिंडर, पुशरॉडची जुनी रचना, पुढे ड्रम ब्रेक, आणि सुरू करायला किक मारावी लागे. घडणीतला फरक आणखी खोल होता. ब्रिटिश इंजिनांचा क्रँककेस बहुधा उभा दुभागलेला असायचा, त्यामुळे सांध्यातून तेल पाझरणं नित्याचंच. सीबी ७५०चा क्रँककेस आडवा दुभागलेला होता. सांधा तेलाच्या पातळीच्या वर राहत असल्याने गाडीखाली तेलाचं डबकं साचत नसे. रोज कामावर जाणाऱ्याला आणखी काय हवं?

अमेरिकेच्या बाजारात १९५९ साली ब्रिटिश गाड्यांचा वाटा ४९ टक्के होता, तो १९७३पर्यंत ९ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी बीएसए कंपनी सरकारच्या पुढाकाराने नॉर्टन व्हिलियर्समध्ये विलीन झाली. ट्रायम्फचा मेरिडन इथला कारखाना कामगारांनी सहकारी तत्त्वावर चालवून दाखवला, पण १९८३मध्ये तोही बंद पडला. या पडझडीवर १९७५मध्ये सरकारसाठी लिहिलेला बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपचा अहवाल पुढे व्यवस्थापनाच्या वर्गांत अभ्यासला जाऊ लागला.

जपानी गाडीने ब्रिटिश घरात पाय रोवले ते मात्र मोठ्या इंजिनांपेक्षा छोट्या गाड्यांच्या जोरावर. त्यात कायद्याचा हात होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शिकाऊ परवान्यावर २५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येई. १९७१मध्ये मोटारसायकल चालवण्याचं किमान वय १७ झालं आणि सोळा वर्षांच्या पोरांना ५० सीसीच्या मोपेडवर भागवावं लागलं. मोपेडला पायडल हवेत, अशी अट होती. मग यामाहाने १९७३मध्ये ‘एफएस १-ई’ आणली. पायडल होते, पण बाकी रूप, गिअर आणि वेग खऱ्या मोटारसायकलीचा. पोरांनी तिचं नाव ‘फिझी’ ठेवलं. १९७७मध्ये सरकारने नव्या मोपेडचा वेग ताशी ३० मैलांवर बांधला आणि हा खेळ संपला. १९८३मध्ये शिकाऊंची मर्यादा १२५ सीसीवर आली, आणि यामाहा आरएक्सएस १०० सारख्या हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांना गिऱ्हाईक मिळालं. ही आरएक्सएस म्हणजे आपल्या आरएक्स १००च्याच कुळातली. पुण्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला ती ब्रॅकनेलमध्ये दाखवली, तर तिचं इंजिन खोलायला तो कुणाला विचारणार नाही.

या गाड्यांचं पुढे काय झालं? ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाच्या पाण्याने सायलेन्सर कुजले, क्रोमचे पापुद्रे निघाले, मडगार्डना भोकं पडली, ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी बुरशी धरली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होऊ लागला, तशा त्या शेडच्या कोपऱ्यात ढकलल्या गेल्या किंवा थेट भंगारात गेल्या. जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या वर्तुळात मान होता तो ब्रिटिश गाड्यांना. जपानी गाडी ही वापरून टाकून द्यायची वस्तू, असा सार्वत्रिक समज होता.

हा समज मोडायचा, म्हणून ब्रिटनमध्ये ‘व्हिंटेज जॅपनीज मोटरसायकल क्लब’ सुरू झाला. तेव्हा पहिली सीबी ७५० फारशी जुनीही झाली नव्हती. आपल्या काळातली साधी, रोजची वस्तू उद्या इतिहास ठरणार आहे, हे ज्यांनी तेव्हाच ओळखलं, त्यांची दृष्टी मोठी म्हणायला हवी. क्लबने माहितीपत्रकं, वर्कशॉप मॅन्युअलं आणि सुट्या भागांच्या याद्या जमवल्या. कोणता चासी नंबर कोणत्या साली बनला, याची नोंद केली. पुढे सफोक परगण्यातल्या लीस्टन गावी डेव्हिड सिल्व्हर स्पेअर्स या दुकानाने जुन्या होंडांच्या सुट्या भागांचाच व्यापार उभारला, आणि शेजारी जुन्या होंडांचं संग्रहालयही झालं. क्लबाकडे ज्ञान आणि दुकानात माल असल्यामुळे एकटा माणूस घरच्या गॅरेजमध्ये गाडी उभी करू शकला.

ते काम कसं चालतं, हे समजून घेण्यासारखं आहे. जाणता माणूस पान्याला हात लावण्याआधी कागद पाहतो. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर नोंदणीपत्रकाशी जुळतो का, नंबर घासून पुन्हा ठोकलेला तर नाही ना, ते तपासतो. या आकड्यांत गाडीचा पूर्वेतिहास असतो. पहिल्या ७,४१४ सीबी ७५० गाड्यांचे क्रँककेस वाळूच्या साच्यात ओतलेले होते, कारण गाडी इतकी खपेल याची कंपनीलाच खात्री नव्हती. महागडे धातूचे साचे नंतर आले. म्हणून नंबरावरून किमतीत मोठा फरक पडतो. १९७८मध्ये आलेल्या होंडा सीएक्स ५०० मध्ये कॅम चेन ताणून धरणाऱ्या भागात दोष निघाला. कंपनीने गाड्या परत बोलावून तो दुरुस्त केला आणि इंजिन नंबरजवळ तीन ठिपके ठोकले. ते तीन ठिपके आजही घेणाऱ्याला सांगतात, की हे इंजिन तेव्हा दुरुस्त झालं आहे.

मग खोलाखोली. इथे नवख्याची पहिली परीक्षा स्क्रू घेतात. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. दिसायला फिलिप्ससारखे, पण खाच वेगळी. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला की डोकं झिजून गोल होतं आणि स्क्रू ॲल्युमिनियमच्या कव्हरमध्ये कायमचा अडकतो. त्यासाठी जपानी मापाचे बिट आणि हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. प्रत्येक सुटा भाग काढण्याआधी फोटो, काढल्यावर चिठ्ठी लावून पिशवीत. सहा महिन्यांनी जुळवाजुळव करताना आठवणीवर विसंबून चालत नाही.

टाकी आतून गंजलेली असेल तर तिच्यात पाणी आणि धुण्याचा सोडा भरतात. मध्ये टाकीला न शिवता एक लोखंडी कांब टांगतात. बॅटरी चार्जरचं धन टोक कांबेला आणि ऋण टोक टाकीला जोडलं, की काही तासांत गंज सुटून येतो. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करायचं. कार्बोरेटरमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या पेट्रोलची चिकट लाख होऊन जेटची केसाएवढी भोकं बुजलेली असतात. चार सिलिंडरच्या गाडीत चार कार्बोरेटर. चारही साफ करून सारख्याच प्रमाणात हवा घेतील असे जुळवावे लागतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील वाळून कडक होतात. सील गळकी असली की क्रँककेस बाहेरची जास्तीची हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम बसतो. गाडी सुरू झाली म्हणून आनंदाने लांब फेरी मारणाऱ्याचं इंजिन अशा वेळी पहिल्याच चढावर जातं. सील बदलल्याशिवाय टू-स्ट्रोक रस्त्यावर आणू नये, हे जुने मिस्त्री कळवळून सांगतात ते यासाठी.

इंधनाचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०२१पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं. त्यामुळे जुन्या गाड्यांचे मालक ५ टक्क्यांचं महाग पेट्रोल भरतात आणि नळ्या, वॉशर नव्या रबराच्या बसवतात. भारतात तर २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथे जुनी गाडी उभी करणाऱ्याने नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरची सील बदलण्याचा खर्च आधीच धरायला हवा.

पैसे परत मिळतात का? बहुतेकदा नाही. रंग, क्रोम, टायर, सीट, सुटे भाग यांचा खर्च साध्या गाडीच्या बाजारभावापलीकडे सहज जातो. अपवाद असतात. सीबी ७५० बाजारात येण्याआधी बनवलेल्या मोजक्या नमुना-गाड्यांपैकी एक ब्रिटनमध्ये मार्च २०१८मध्ये एच अँड एच या लिलावसंस्थेने विकली, तिला १,६१,००० पौंड मिळाले. पण तसा ऐवज हजारांत एखाद्याच्या हाती लागतो. बाकीचे लोक हे काम करतात, कारण ज्या गाडीवर ते सोळाव्या वर्षी गावाबाहेर पडले, ती त्यांना पुन्हा धावताना पाहायची असते.

ब्रिटनमधला कायदा या माणसांच्या बाजूने आहे. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला ‘ऐतिहासिक वाहन’ म्हणून रस्ता कर माफ होतो. मे २०१८पासून मोठे बदल न केलेल्या अशा गाडीला दरवर्षीच्या तपासणीतूनही सूट आहे. दर वर्षी नव्या गाड्या या यादीत येतात. कागद हरवले असतील तर क्लबच्या तज्ज्ञांनी दिलेला वयाचा दाखला सरकार ग्राह्य धरतं आणि त्या काळाला साजेसा नंबर देतं. अभ्यासकांच्या शब्दाला सरकारी कचेरीत वजन असल्यामुळे गॅरेजमधल्या सांगाड्याला रस्त्यावर यायची वाट मोकळी राहते.

आता महाराष्ट्राकडे. आपल्याकडे जपानी मोटारसायकल आली ती १९८०च्या दशकात, सरकारने दुचाकींच्या उद्योगात परदेशी सहकार्याला वाट करून दिल्यावर. एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये यामाहाची आरडी ३५० ‘राजदूत ३५०’ नावाने आणली, टीव्हीएसने सुझुकीची गाडी, हिरोने १९८५मध्ये होंडाची सीडी १००. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरएक्स १००ही आली. हे कारखाने महाराष्ट्राबाहेरचे. मराठी मातीतली जपानी मोटारसायकल मात्र वाळूजची. बजाजचा तेव्हाच्या औरंगाबादजवळचा तो कारखाना अवघ्या १६ महिन्यांत उभा राहिला. त्याचं उद्घाटन १९८५मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी केलं. १९८६मध्ये बजाजने कावासाकी बजाज केबी १०० बाजारात आणली. १९९१मध्ये फोर एस चॅम्पियन आली आणि १९९८मध्ये वाळूजहूनच कॅलिबर. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला मोटारसायकलीची सवय या गाड्यांनी लावली. चेतक स्कूटरच्या आठवणी सगळेच काढतात; केबी १००ची नोंद मात्र आपण फारशी ठेवली नाही.

राजदूत ३५०चं उदाहरण शिकण्यासारखं आहे. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि सुमारे ३९ अश्वशक्ती. भारतात किंमत आवाक्यात राहावी म्हणून ड्रम ब्रेक दिला आणि शक्ती ३०.५वर, पुढे २७वर आणली. तरी ती पेट्रोल फार पिते म्हणून खपली नाही आणि दशक संपता संपता बंद पडली. आज तीच सगळ्यांत जास्त शोधली जाते. हौशी मालक तिला डिस्क ब्रेक आणि परदेशी भाग लावून मूळ जपानी गाडीसारखी करतात. सुरक्षेसाठी ब्रेक सुधारणं समजण्यासारखं आहे, पण काढलेला ड्रम भंगारात जाऊ नये. १९८३ साली भारताने परदेशी यंत्र आपल्या खिशाप्रमाणे कसं बदलून घेतलं, याचा तो ड्रम हाच पुरावा आहे.

कारागिरीत महाराष्ट्र कुठेही कमी नाही. पुण्याच्या नाना पेठेत दुचाकींचे सुटे भाग मिळतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथची परंपरा आहे. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणं, क्रँक दाबून नवा कनेक्टिंग रॉड घालणं, ही कामं आपल्याकडे गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये होतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी पार्सल पाठवून कित्येक आठवडे थांबावं लागतं. उणीव आहे ती नोंदींची. कोणत्या नंबरची केबी १०० कोणत्या साली बनली, तिच्या आरटीझेड प्रकारावर कोणते स्टिकर होते, मूळ रंग कोणते, हे एका ठिकाणी सापडत नाही. ते ज्ञान वयस्क मिस्त्रींच्या डोक्यात आहे, आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे.

कायद्याची वाटही आपल्याकडे अरुंद आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी, ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि रोजच्या वापराला मनाई. पन्नाशी न गाठलेल्या गाडीला १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर भरत राहावं लागतं. १९८५ची एखादी यामाहा ब्रिटनमध्ये २०२५-२६मध्येच ऐतिहासिक ठरते. त्याच वर्षाच्या पुण्यातल्या आरएक्स १००ला २०३५ उजाडावं लागेल आणि वाळूजच्या पहिल्या केबी १००ला २०३६. मधल्या वर्षांत कागद संपले म्हणून, वारसांना नोंदणी करायचा कंटाळा आला म्हणून किंवा भंगारवाल्याने दोन-तीन हजार दिले म्हणून किती गाड्या जातील? चाळीस वर्षांची मर्यादा आणि अभ्यासू क्लबांच्या दाखल्याला मान्यता, एवढे दोन बदल केंद्राने केले, तर भारतातल्या पहिल्या पिढीच्या जपानी गाड्या वाचतील. राज्याने पर्यावरण करात सवलत दिली तर हातभारच लागेल.

तोवर काम घरातूनच सुरू करता येईल. ज्यांच्या वाड्यात, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या गोठ्यात अशी गाडी उभी आहे, त्यांनी ती विकण्याआधी तिचं आरसी बुक शोधावं, चासी आणि इंजिन नंबर लिहून घ्यावेत, टाकीवरच्या मूळ रंगाचा आणि स्टिकरचा फोटो काढावा. काढलेले जुने भाग फेकू नयेत. आणि ज्या मिस्त्रीने ती गाडी आयुष्यभर सांभाळली, त्याच्याशी बसून त्याला आठवतं ते सगळं लिहून काढावं.

पुढे गाडी उभी करायला कुणीही घेतली, तरी त्याला या कागदांची आणि या माहितीची गरज लागणार आहे.